कोच बदलला की सीझन फिरतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचा मुलगा मेलबर्नमधल्या एका उपनगरी क्लबाच्या अंडर-१५ टीममध्ये फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) खेळतो. टीम सलग सहा मॅच हरली आहे आणि पालकांच्या ग्रुपवर 'कोच बदला' सुरू झालंय. टीव्ही लावला तर एएफएलमध्येही (फूटीची इथली मोठी व्यावसायिक लीग) दर आठवड्याला कुणा ना कुणा कोचच्या नावाने तोच घोष. तर मधेच कोच किंवा कोचिंगची पद्धत बदलून सीझन खरंच फिरतो का, आणि फिरत असेल तर नेमकं काय बदललेलं असतं?

फिरतो. मी तो फिरताना एकदा पाहिलाय, आणि फिरल्यासारखा वाटून पुन्हा तोंडावर आपटतानाही एकदा पाहिलाय. दोन्ही वेळा मी डगआउटमध्येच होतो. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी एएफएल क्लबातला माणूस नाही. नाशिकला शाळेत खो-खो आणि कबड्डी खेळलो. इथे आल्यावर शेजाऱ्याने शनिवारी खेळाडूंना पाणी द्यायला उभं केलं, तिथून ज्युनियरचा कोच झालो, आणि गेली अकरा वर्षं एका उपनगरी क्लबाच्या सीनियर टीमच्या बचावाचा असिस्टंट कोच आहे. रविवारी गोलच्या मागून घेतलेलं चित्रण पुढे-मागे करत बसायचं आणि मंगळवार-गुरुवारच्या सरावात त्यातलं एखादं शहाणपण मैदानावर उतरवायचं, हे माझं काम.

या खेळात कोचच्या हातात काय असतं ते आधी पाहू. फुटबॉलसारखी जानेवारीत खेळाडू विकत घ्यायची सोय इथे नाही. सीझन सुरू झाला की यादी जवळपास गोठते. २०१९ पासून मधल्या काळात एक छोटा ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे) होतो, पण त्यातून टीमचं नशीब सहसा पालटत नाही. (रिचमंडने २०१९ मध्ये याच ड्राफ्टमधून मार्लियन पिकेटला घेतलं आणि तो पहिली एएफएल मॅच थेट ग्रँड फायनलमध्ये खेळून जिंकला. असा अपवाद पिढीत एखादाच.) म्हणजे मे महिन्यात हरणारी आणि जुलैमध्ये जिंकणारी माणसं तीच असतात. कोचला तीनच गोष्टी बदलता येतात: कोण कुठे खेळणार, चेंडू हातातून गेल्यावर बाकीचे काय करणार, आणि खेळाडूंच्या कानावर किती शब्द पडणार.

यातली दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही, आणि बहुतेक सीझन तिथेच बुडतात किंवा तरतात. मैदान म्हणजे क्रिकेटचं ओव्हल, एमसीजी धरा. त्यावर एका बाजूचे १८ खेळाडू, ऑफसाइड नाही, चेंडू कुठूनही कुठेही जाऊ शकतो. एवढी जागा माणूस-माणूस धरून झाकता येत नाही. मग टीम चेंडूच्या मागे जाळं विणते. कबड्डीतली साखळी आठवा. हात धरून उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाने घाईने आधीच झेप घेतली की चढाईवाला मधून निसटतो, आणि बघणारे शिव्या दुसऱ्याला देतात. फूटीत नेमकं हेच होतं. प्रेक्षकांना दिसतो गोल मारणाऱ्याला मोकळा सोडणारा फुलबॅक. मला कॅमेऱ्यात दिसतो ऐंशी मीटर वर उभा असलेला विंगर, ज्याने चार सेकंद आधी परत धावायला हवं होतं.

आता कोच काढण्याबद्दल. कोच काढल्यावर टीम उसळते, हे खोटं नाही. २०१९ चं साल याचा उत्तम नमुना आहे. कार्लटनने ११ पैकी एकच मॅच जिंकल्यावर ब्रेंडन बोल्टनची उचलबांगडी केली. असिस्टंट डेव्हिड टीगने सूत्रं घेतली आणि उरलेल्या ११ पैकी ६ जिंकल्या. त्याच वर्षी नॉर्थ मेलबर्नमध्ये ब्रॅड स्कॉट पायउतार झाला आणि रीस शॉने १२ पैकी ७ जिंकल्या. दोघांनाही कायमची नेमणूक मिळाली. पुढच्याच सीझनमध्ये नॉर्थने १७ पैकी ३ जिंकल्या, तळातून दुसरे आले आणि शॉ क्लब सोडून गेला. टीग दोन वर्षं टिकला, पण कार्लटन फायनल्समध्ये (सीझनअखेरच्या बाद सामन्यांत) पोचलं नाही आणि २०२१ नंतर त्यालाही नारळ मिळाला. त्याआधी २०१० मध्ये पोर्ट अॅडलेडला मॅथ्यू प्रायमसने हंगामी कोच म्हणून ७ पैकी ५ जिंकून दिल्या होत्या. कायम झाल्यावर २०११ मध्ये पूर्ण सीझनमध्ये फक्त ३.

आपल्याकडे याला नव्याचे नऊ दिवस म्हणतात. फूटीत ते नऊ-दहा आठवडे असतात, इतकाच फरक.

ही उसळी येते कुठून? हंगामी कोचला हरण्याची भीती नसते, म्हणून तो खेळाडूंना कमी सांगतो. जुन्या कोचच्या मनातून उतरलेल्या दोघा-तिघांना तो परत आणतो आणि ते जीव तोडून खेळतात. प्रतिस्पर्ध्यांकडे जुन्या पद्धतीचे व्हिडिओ असतात, नव्याचे नसतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अपराधी भावना. ज्याची नोकरी आपल्यामुळे गेली त्याच्या जाण्यानंतरच्या पहिल्या शनिवारी माणूस जरा जास्तच पळतो. हे इंधन खरं असतं, पण टाकी छोटी असते. शिवाय एक साधा हिशोब लोक विसरतात. कोच जातो तो टीम अगदी तळाला असताना. तिथून थोडंफार वर येणं कोच न बदलताही झालंच असतं.

आमच्याच क्लबात हे घडलं. सात पराभवांनंतर कमिटीने कोचला निरोप दिला, रिझर्व्ह टीमच्या कोचला वर घेतलं आणि पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या. क्लबहाउसमध्ये बिअर वाहिली. चौथ्या मॅचला समोरच्यांनी आमचा पाठचा मोकळा माणूस हेरून त्याच्यावर एक जण चिकटवला आणि आमच्याकडे दुसरा बेतच नव्हता. पुढच्या पाचही हरलो. मी त्या काळातले व्हिडिओ नंतर पुन्हा पाहिले, तर जिंकलेल्या तीन मॅचमध्येही आमचं जाळं पूर्वीसारखंच फाटकं होतं. समोरच्यांच्या किक चुकल्या, एवढंच.

या नियमाला पुरून उरलेला माणूस म्हणजे पॉल रूस. २००२ मध्ये रॉडनी ईड गेल्यावर सिडनीने रूसला हंगामी नेमलं, त्याने १० पैकी ६ जिंकल्या आणि प्रेक्षकांनी मैदानात त्याच्या नावाचा जप लावल्यावर क्लबाने त्यालाच ठेवलं. २००५ च्या ग्रँड फायनलमध्ये सिडनीने वेस्ट कोस्टला ४ गुणांनी हरवून ७२ वर्षांची प्रतीक्षा संपवली. पण २००२ च्या त्या सहा विजयांनी २००५ घडवलं असं मला वाटत नाही. उसळी संपल्यावर रूसकडे काहीतरी उरलं होतं. टॅकल आणि चेंडूभोवतीची गर्दी यांवर उभी असलेली कंटाळवाणी पण घट्ट पद्धत, आणि एकमेकांना तोंडावर खरं सांगण्याचा खेळाडूंनी स्वतः घालून घेतलेला नियम. हंगामी कोचला कायम करायचं की नाही हे ठरवताना किती जिंकल्या हे मोजण्यापेक्षा चौथ्या आठवड्यात समोरच्याने डाव ओळखल्यावर त्याने काय केलं, ते बघावं. आमच्या कमिटीने बघितलं नव्हतं.

आता ज्या उदाहरणावर मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या त्याकडे येतो: रिचमंड.

२०१६ च्या शेवटच्या मॅचमध्ये रिचमंड सिडनीकडून ११३ गुणांनी हरलं. एकशे तेरा. एका गोलचे ६ गुण, म्हणजे जवळजवळ एकोणीस गोल. आठ विजय, तेरावा नंबर. क्लबाच्या संचालक मंडळाला आव्हान देणारा गट उभा राहिला होता आणि कोच डॅमियन हार्डविकला हाकला ही मागणी गल्लोगल्ली होती. अध्यक्ष पेगी ओनील आणि मंडळाने त्याला ठेवलं, पण त्याच्या भोवतीची माणसं बदलली. नील बाम फुटबॉल विभागाचा प्रमुख म्हणून आला. ब्लेक कॅराचेला असिस्टंट म्हणून आला आणि जस्टिन लेपिच ब्रिस्बेनचं मुख्य कोचपद गमावून पुन्हा असिस्टंट म्हणून परतला. एक वर्षाने रिचमंडने अॅडलेडला ४८ गुणांनी हरवून १९८० नंतरची पहिली प्रीमियरशिप (लीगचं विजेतेपद) जिंकली. पुढे २०१९ आणि २०२० मध्येही.

लोक या गोष्टीतला भावनेचा भाग सांगतात. कर्णधार ट्रेंट कॉचिनच्या पुढाकाराने खेळाडू एकेक करून सगळ्यांसमोर उभे राहिले आणि आपला एक आदर्श, एक खडतर प्रसंग आणि एक आनंदाचा क्षण सांगू लागले. हार्डविकही बदलला, कपाळाला आठ्या घालून फिरणारा माणूस हसू लागला, चुका मोजण्यापेक्षा ज्याला जे जमतं त्याबद्दल बोलू लागला. हे सगळं झालं आणि ते महत्त्वाचंही होतं. पण माझ्यासारख्या बचाववाल्याला त्या वर्षीची फॉरवर्ड लाइन जास्त बोलकी वाटते. रिचमंडकडे उंच फॉरवर्ड म्हणावा असा एकटा जॅक रिवोल्ट. त्या काळच्या शहाणपणानुसार दोन-तीन उंच लोक हवेत. त्यांनी ते नसल्याची रड लावली नाही. डॅन बटलर, जेसन कास्टान्या, डॅनियल रिओली असे बुटके, चपळ, टॅकलला भुकेलेले तिघे त्याच्या पायाशी सोडले. रिवोल्टने चेंडू झेलला तर उत्तम, नाही झेलला तर निदान खाली पाडायचा. एकदा जमिनीवर पडला की तो आमचा. समोरच्या बचावाला चेंडू बाहेर काढणंच मुश्कील झालं. फॉरवर्ड लाइन हीच बचावाची पहिली फळी झाली, आणि मागे अॅलेक्स रान्ससारख्यांचं काम निम्मं हलकं झालं.

या बदलात भर काहीच नाही, हे लक्षात घ्या. नवा तारा आणला नाही, नवं किचकट तंत्र आणलं नाही. जे नव्हतं त्याची अपेक्षा सोडून दिली. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक खऱ्या उलटफेरात कोचने काहीतरी वजा केलेलं असतं.

आणि एक आठवण. त्या सोनेरी २०१७ मध्येही रिचमंड मधे सलग चार हरलं होतं. आधी अॅडलेडकडून ७६ गुणांनी सपाटून मार खाल्ला, मग ५, २ आणि ३ गुणांनी लागोपाठ तीन मॅच हातच्या गेल्या. दोन वर्षांपूर्वीच्या रिचमंडने तेव्हा अर्धी टीम उलटीपालटी केली असती. त्यांनी पद्धत हलवली नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, ग्रँड फायनलला, समोर तेच अॅडलेड होतं.

असिस्टंट बदलून मुख्य कोच राखण्याची हीच चाल पुढे मेलबर्न डेमन्सनेही खेळली. २०२० मध्ये नववे आल्यावर सायमन गुडविनला ठेवलं, अॅडम यझ आणि अनुभवी मार्क विल्यम्स यांना आत घेतलं. २०२१ ची ग्रँड फायनल कोविडमुळे पर्थला झाली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १९ गुणांनी मागे असलेले डेमन्स ७४ गुणांनी जिंकले. १९६४ नंतर पहिल्यांदा. मुख्य कोचचा फोटो पेपरात येतो, पण मिडफिल्डरशी आठवड्यातून जास्त तास बोलणारा माणूस असिस्टंट असतो. मी असिस्टंट आहे म्हणून हे म्हणतोय असं वाटलं तर तसंही समजा.

एकाच सीझनच्या आत, कोच न बदलता झालेला उलटफेर हवा असेल तर २०२३ चं कार्लटन. आदल्या वर्षी शेवटच्या दोन मॅच ५ आणि १ गुणाने हरून त्यांची फायनल्स हुकली होती, त्यामुळे चाहते आधीच पेटलेले. १३ व्या फेरीनंतर नऊपैकी आठ हरलेले, त्यातल्या शेवटच्या सहा सलग, १८ टीममध्ये पंधरावे. कोच मायकल व्हॉसची गच्छंती रोज छापून येत होती. क्लब गप्प बसला. पुढच्या मॅचला गोल्ड कोस्टला ५९ गुणांनी धुतलं आणि तिथून सलग नऊ विजय. पाचव्या नंबरवर सीझन संपवला, सिडनीला ६ आणि मेलबर्नला २ गुणांनी फायनल्समध्ये हरवलं आणि शेवटी ब्रिस्बेनपुढे प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे ग्रँड फायनलच्या अलीकडच्या टप्प्यावर, थांबले.

बाहेरून मला दिसलं ते एवढंच. हरण्याच्या काळात कार्लटनचे खेळाडू चेंडू पकडून थांबत, मागे-पुढे बघत, सुरक्षित किक शोधत. तोवर समोरचं जाळं बसलेलं असे, मग उंच आशाळभूत किक, आणि चेंडू परत. जुलैत तेच लोक पहिल्या दोन सेकंदांत निर्णय घेत होते आणि चुकला तर पाचजण चेंडूवर तुटून पडत होते. चूक करायची मुभा मिळाली होती. व्हॉसने जूनमध्येच स्वतःची नोकरी वाचवायला रोज नवी योजना आणली असती तर ही मुभा कुठून मिळणार?

याउलट कॉलिंगवूडमध्ये कोच बदलूनच काम झालं. २०२१ च्या जूनमध्ये नेथन बकली गेला, रॉबर्ट हार्वीने सीझन सांभाळला, टीम सतरावी आली. (हंगामी कोचची उसळी दरवेळी येतेच असंही नाही.) पूर्ण ऑफ-सीझन हातात घेऊन क्रेग मॅक्रे आला आणि २०२२ मध्ये तेच कॉलिंगवूड चौथं. सावकाश चेंडू फिरवणारी टीम हाफ-बॅकमधून (बचावाच्या पुढच्या फळीतून) थेट मैदानाच्या मधून धावू लागली. निक डेकोस हा गुणी पोरगा त्याच वर्षी टीममध्ये आला हेही खरं. पण त्या वर्षी मला गंमत वाटली ती त्यांच्या टक्केवारीची. केलेले गुण भागिले दिलेले गुण गुणिले शंभर, ही इथली टक्केवारी. सोळा मॅच जिंकूनही ती शंभराच्या जेमतेम वर. म्हणजे जिंकले ते काठावर, हरले ते बरंच. मी तेव्हा मित्रांना छातीठोक सांगितलं होतं की हे नशीब आहे, पुढच्या वर्षी उतरतील. २०२३ मध्ये ते ब्रिस्बेनला ४ गुणांनी हरवून प्रीमियर झाले. शेवटची दोन मिनिटं कशी खेळायची याची तालीम मॅक्रे सरावात करून घ्यायचा, आणि काठावर जिंकण्यातला काही भाग शिकवता येतो हे मला तेव्हा कबूल करावं लागलं. काही भाग. बाकीचं अजून मी नशीबच म्हणतो.

१९७० च्या ग्रँड फायनलची गोष्ट तुम्हाला इथे कुणी ना कुणी सांगेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. एमसीजीवर १,२१,६९६ प्रेक्षक, मध्यंतराला कार्लटन ४४ गुणांनी मागे, कोच रॉन बारासीने हँडबॉल (चेंडू मुठीने मारून पास) करत सुटायला सांगितलं आणि कार्लटन १० गुणांनी जिंकलं. आख्यायिका हँडबॉलची आहे. त्याच मध्यंतराला बारासीने बाकावर बसलेल्या टेड हॉपकिन्सला मैदानात उतरवलं आणि त्याने चार गोल मारले, हे मात्र लोक दुसऱ्या वाक्यात सांगतात.

आता आमच्या क्लबात खरोखर फिरलेल्या सीझनबद्दल. जून महिना, चिखल, दहापैकी दोन विजय. गुरुवारचा सराव संपवून सगळे चेंजिंग रूममध्ये बसलेले. भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर खेळाडूंच्या नावाचे मॅग्नेट. एक हरवला होता, त्याच्या जागी बिअरच्या बाटलीचं झाकण चिकटवलेलं. पोरं त्या खेळाडूला झाकणच म्हणायची. बोर्डाच्या उजव्या बाजूला आमचे नियम. मी मोजले तेव्हा अकरा होते. त्यातले सात माझे. स्टॉपेजला (थांबलेला खेळ पुन्हा सुरू होताना) कोण कुठे, किक-आउटला (समोरच्यांचा गोल हुकल्यावर गोलजवळून किक मारताना) कोण कुठे, समोरचा डावखुरा असेल तर काय, वारा स्कोअरबोर्डकडे असेल तर काय.

आमचा कर्णधार व्यवसायाने प्लंबर, कमी बोलणारा. तो उठला, हाताच्या बाहीने नऊ ओळी पुसल्या आणि कोचला म्हणाला, "एवढ्या दोन ठेवूया का? बाकीच्या मला मैदानात आठवतच नाहीत." उरलेल्या दोन अशा: चेंडू गेला की जवळचे तिघे तुटून पडतील, बाकी सगळे आतल्या बाजूने मागे पळतील. आणि आपल्या किक-आउटला कुणी हुशारी करायची नाही, चेंडू बाउंड्रीकडे जाईल.

माझा चेहरा उतरला असणार. त्यातल्या काही ओळींसाठी मी तीन रविवार घालवले होते. कोचने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले.

उरलेल्या आठपैकी सहा जिंकलो. फायनल्सना एका मॅचने मुकलो, त्यामुळे ही काही सिनेमाची गोष्ट नाही. पण गोलच्या मागच्या चित्रणात फरक इतका साफ होता की मी तो अजून नव्या असिस्टंटना दाखवतो. आधी चेंडू गेला की आमचे सहा-सात जण एकेक सेकंद थबकायचे. आळस नव्हता तो. डोक्यात अकरापैकी कोणता नियम लागू, याचा शोध चाललेला असायचा. नंतर तो सेकंद गायब झाला. फूटीत एक सेकंद म्हणजे आठ मीटर.

कधी कधी मात्र काहीच वजा-बाकी न करता फक्त थांबायचं असतं. ख्रिस फेगन २०१७ मध्ये कोच म्हणून ब्रिस्बेनला आला, टीम शेवटची आली. २०१८ ची सुरुवात आठ पराभवांनी झाली, सीझन पंधराव्या नंबरवर संपला. २०१९ मध्ये दुसरे, आणि २०२४, २०२५ लागोपाठ प्रीमियर. २०१८ च्या मे महिन्यात त्याला काढला असता तर एकाही पेपरने क्लबाला दोष दिला नसता. जिथे खेळाडू विशीच्या आतबाहेर आहेत तिथे पराभव हा बऱ्याचदा वयाचा हिशोब असतो. सॅम मिचेलचं हॉथॉर्न २०२४ मध्ये पहिल्या पाचही हरून फायनल्समध्ये पोचलं आणि सेमीफायनल अवघ्या ३ गुणांनी हरलं.

आता तुमच्या मुलाची अंडर-१५. तुमचा कोच बहुधा बिनपगारी आहे आणि त्याच्या जागी यायला कोण तयार आहे हा प्रश्न ग्रुपवर अजून कुणी विचारला नसेल. तो मुलांना घालूनपाडून बोलत असेल, अपमान करत असेल, तर निकाल काहीही असोत, क्लबाकडे जा आणि त्याला थांबवा. तो वेगळा विषय आहे. पण तक्रार फक्त हरण्याची असेल तर आधी मुलाला एकच विचारा: "चेंडू त्यांच्याकडे गेला की तू काय करायचं असतं?" पटकन एका वाक्यात उत्तर आलं तर कोच बरोबर वाटेवर आहे, निकाल उशिरा येतील. मुलगा विचारात पडला, किंवा तीन वेगवेगळी उत्तरं दिली, तर कोचला काढायची नाही, त्याचा बोर्ड पुसायची गरज आहे. दोन-तीन मित्रांनाही तेच विचारा. तिघांची उत्तरं जुळत नसतील तर रोग सापडला.

क्वार्टरच्या ब्रेकला घोळक्याजवळ उभे राहा. कोच किती सूचना देतो ते बोटांवर मोजा. माझ्या अनुभवात पंधरा वर्षांच्या मुलाला दोन आठवतात, तिसरी आली की पहिली जाते. मुलांपैकी कुणी बोलतं का तेही बघा.

आणि शक्य असेल तर क्लबाची परवानगी घेऊन एक मॅच गोलच्या मागे उभं राहून फोनवर घ्या. फोन आडवा धरा, चेंडूच्या मागे फिरवू नका, अर्धं मैदान दिसेल इतका लांबून, आणि स्वतःच्या मुलावर झूम करायचा मोह टाळा. तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. कोचला पाठवा आणि मंगळवारच्या सरावाला जाताना त्याच्यासाठी एक कॉफी घेऊन जा. सहा पराभवांनंतर त्या माणसाशी बहुधा बरेच दिवस कुणी नीट बोललेलं नसेल.